विकत आणलेली हरळी

शाळेत नोकरी केलेल्या माणसाच्या खिशात खडूचे तुकडे निघतात. ते कुणी मुद्दाम साठवत नाही. तास संपला की हातातला तुकडा आपोआप खिशात जातो, आणि शर्ट भिजत घालताना बायकोची बोलणी खावी लागतात. किश्श्यांचं तसंच असतं. मी निवृत्त झालो, खिशातला खडू संपला, पण किस्से अजून निघतात. त्यातले निम्मे एकाच गोष्टीचे असतात. आमच्या हेडमास्तरांनी शाळेत पेरलेल्या लॉनचे.

आमचा जुना स्टाफ आता पांगलाय. रशीद सर मुलाकडं बीदरला असतात, जाधव मॅडम उदगीरला. पण कुणाच्या घरी लग्न निघालं की आम्ही एका पंगतीत शेजारी शेजारी बसतो आणि वरण वाढेपर्यंत कुणीतरी म्हणतंच, "ते हरळीचं आठवायलंय का?" मग पानातला भात गार होतो, वाढपी वैतागतात आणि आम्ही तोंडाला रुमाल लावून हसत बसतो. शेवटचा किस्सा आला की मात्र हसणं थांबतं. तो शेवटीच सांगतो.

* * *

शाळा बीदर जिल्ह्यातल्या मेहकरच्या पलीकडं, रस्त्याला लागून. पत्र्याचे वर्ग, ऑफिससमोर झेंड्याचा खांब, एक मोठं कडुलिंब आणि मधे अंगणाएवढी मोकळी जागा. मी तिथला पी.टी. मास्तर, बिरादार. त्या मोकळ्या जागेत मी पोरांना रांगेत उभं करायचो, त्यामुळं ती जागा माझी आहे असा माझा समज होता.

सोनकांबळे सर आमचे हेडमास्तर. आळंद तालुक्यातले, निंबर्ग्याकडचे. पांढरा शर्ट, काळी पँट, आणि आवाज एवढा हळू की पोरं गप्प बसल्याशिवाय ऐकू यायचा नाही. म्हणून पोरं गप्प बसायची. भाद्रपद संपता संपता ते निवृत्त होणार होते. श्रावणात एका मीटिंगला त्यांनी टेबलावर एक चकचकीत पाकीट ठेवलं. हैदराबादहून मागवलेलं. वर इंग्रजी नाव, एका बंगल्याचं चित्र आणि बंगल्यापुढं हिरवंगार गवत.

सर म्हणाले, ऑफिससमोर लॉन करायचं. पोरं दुपारचं बिसीऊट, म्हणजे सरकारी गरम जेवण, ताटात घेऊन धुळीत नाहीतर चिखलात बसतात. मी जायच्या दिवशी सगळी शाळा गवतावर बसून जेवली पाहिजे, एवढीच इच्छा आहे.

जाधव मॅडम मराठी शिकवायच्या, पण जन्म शेतकऱ्याच्या घरातला. त्यांनी पाकीट उलटंपालटं करून बघितलं, चित्र डोळ्यांजवळ नेलं आणि म्हणाल्या, "सर, ही तर हरळी हाय की."

आता हरळी म्हणजे काय हे आमच्याकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. काळ्या रानात एकदा शिरली की तीन पिढ्या निघत नाही. नांगरायचं, मुळ्या वेचायच्या, उन्हात वाळवायच्या, जाळायच्या. तरी एखादं कांडं मातीत राहतंच आणि पुढच्या वर्षी हजर होतं. ती आम्ही विकत आणली होती.

तेवढ्यात आमचा शिपाई मल्लप्पा अण्णा चहा घेऊन आला. घरचं बोलणं कन्नड, शाळेतलं मराठी, आणि शेत शाळेला लागूनच. त्याला काय चाललंय ते कळलं तेव्हा कपबशी हातातच राहिली.

"कामून खर्च केला री सर? माझ्या रानातली न्या. मुळासकट देतो. न्यायला बैलगाडी देतो. वर जेवायला घालतो."

सगळे हसले, सरही हसले. मग हसू ओसरल्यावर त्यांनी त्या हळू आवाजात सांगितलं की कॉलेजात असताना ते एकदा एका मोठ्या ऑफिसपुढच्या गवतावर डबा खायला बसले होते. भाकरी सोडली आणि माळ्यानं उठवलं. ते म्हणाले, तेव्हाच ठरवलं होतं की कधीतरी आपलं गवत करायचं आणि तिथं बसायला सांगायचं.

त्यानंतर हरळी या शब्दावर मीटिंगमधे कुणी हसलं नाही. मीटिंगबाहेर हसलो, तो भाग वेगळा.

* * *

पेरणीच्या दिवशी सरांना तालुक्याला जावं लागलं. जाताना ते मल्लप्पाला समजावून गेले. बी वाळूत मिसळायचं, मूठ सैल सोडायची, सगळीकडं सारखं फेकायचं. मल्लप्पा मान हलवत राहिला. ज्यानं आयुष्यभर पेरणी केली त्याला पेरणी कुणी शिकवायला लागलं की तो अशीच मान हलवतो.

सर गेल्यावर त्यानं नारळ आणला, विड्याची पानं आणली. पाकिटाची पूजा झाली. चित्रातल्या बंगल्याला हळदकुंकू लागलं. मग त्यानं दोरी ताणली, कुदळीनं सरळ ओळी ओढल्या, बी ओळीत सोडलं आणि ज्वारीवर माती लोटावी तशी पायानं माती लोटली. ओळी इतक्या सरळ की माझ्या पी.टी.च्या रांगांना लाज वाटावी.

संध्याकाळी सर आले. ओळींच्या कडेकडेनं एक चक्कर मारली.

"अण्णा, ओळी कामून?"

"ओळीत न्हाई पेरलं तर कोळपं कसं घालावं सर? तण झाल्यावर काय करावं?"

सर म्हणाले, "अण्णा, आपण तणच पेरलंय."

दुसऱ्या दिवशी सर आणि मी दाताळं घेऊन सगळ्या ओळी मोडल्या. मल्लप्पा कडुलिंबाखाली पाठ फिरवून बसला होता. त्याला ते बघवत नव्हतं.

* * *

पेरून झालं, वर चाळलेल्या शेणखताचा पातळ थर पडला आणि सरांचा पाठ सुरू झाला. जमीन वाळू द्यायची नाही, पाणी साचू द्यायचं नाही, थोडं थोडं शिंपत राहायचं. पण आमच्याकडं लाईट कधी येते आणि कधी जाते याचा भरवसा नाही. मल्लप्पाच्या डोक्यात शेतकऱ्याचा हिशेब. लाईट आली की मोटर चालू, पाईप मोकळा. पहिल्याच दिवशी त्यानं बांध फुटल्यासारखं पाणी सोडलं आणि बरंच बी वाहून गेटजवळ सायकल स्टँडखाली गेलं. पुढं शाळेतली सगळ्यात दाट हरळी तिथंच आली, सायकलींच्या चाकात.

सरांनी वाहून गेलेल्या जागी पुन्हा बी टाकलं आणि पाणी मल्लप्पाकडून काढून नववीच्या मुलींना दिलं. त्यांना म्हणाले, घरी सकाळी सडा टाकता ना, तसंच करायचं.

मुलींनी अगदी घरच्यासारखंच केलं. घरी सडा झाल्यावर पुढं काय होतं? सर सकाळी आले तर मधोमध मोर, चारी कोपऱ्यांत कमळं आणि खाली ठळक अक्षरांत सुस्वागतम. जमीन ओली, सपाट, मऊ. त्यांचाही इलाज नव्हता. मुली रांगेत उभ्या राहून कौतुकाची वाट बघत होत्या. सर म्हणाले, मोर छान आलाय. मग ऑफिसात जाऊन खुर्चीत बसले आणि पाणी मागितलं.

खरी गंमत नंतर झाली. गावातून बसथांब्याकडं जायची वाट त्याच जागेतून होती. आम्ही दोरी बांधली होती, बाभळीच्या फांद्या टाकल्या होत्या. लोक फांदी उचलून बाजूला ठेवायचे आणि जायचे. त्या दिवशी मात्र सगळं गाव वळसा घालून गेलं. रांगोळीवर पाय कोण देणार?

दुसऱ्या दिवशी सरांनी स्वतः रांगोळीच्या पुड्या आणल्या आणि मुलींना सांगितलं, रोज काढा, फक्त कडेकडेनं काढा. बीदर जिल्ह्यात रांगोळीचं कुंपण असलेलं ते एकच रान असावं.

* * *

माणसं थांबली, पण चिमण्या आणि होले थांबेनात. त्यांना रांगोळीचं काय? सकाळी पोरं प्रार्थनेला उभी राहायची तेव्हा हे पलीकडं पंगत मांडून बसलेले असायचे. बुजगावणं करायचं ठरलं. मल्लप्पानं काठ्या बांधल्या, डोक्याला मडकं बसवलं. कपडे रशीद सरांनी दिले.

रशीद सर हिंदीचे. उशिरा येणाऱ्या पोरांना अडवायला रोज गेटवर उभं राहायचं काम त्यांच्याकडं होतं. अंगात कायम एक काळा कोट. तो त्यांच्या लग्नातला. पोरं त्यांना सलाम करून हसत आत जायची आणि सरही हसायचे, त्यामुळं उशिरा येणं काही कमी होत नव्हतं. घरच्यांनी नवा कोट शिवला म्हणून जुना त्यांनी लॉनला दिला.

काळा कोट घालून बुजगावणं उभं राहिलं आणि रस्त्यावरून येणाऱ्या पोरांना ते लांबून दिसायला लागलं. आज सर हलतही नाहीत, बोलतही नाहीत, म्हणजे फार रागावलेत, असं पोरांना वाटलं. कोट दिसला की पळत यायची. तो सगळा आठवडा एकही पोरगं उशिरा आलं नाही.

रशीद सर चहा पिताना खिडकीतून त्या कोटाकडं बघत म्हणाले, "मैं इत्ते सालां खडा रहा, कोई नै डरा. मेरा कोट अकेला खडा रहा तो सब डर गए."

चिमण्या मात्र डरल्या नाहीत. त्या कोटाच्या खांद्यावर बसायच्या. शेवटी ज्वारी राखतात तशी ताटं वाजवूनच बी राखावं लागलं.

* * *

दिवस जात होते आणि जमीन काळीच होती. सर रोज सकाळी येऊन उकिडवे बसायचे, चष्मा कपाळावर चढवायचे आणि मान तिरकी करून जमिनीकडं बघायचे. आम्हालाच वाईट वाटायचं. हरळी, जी कुणाच्या बापाचं ऐकत नाही, जी दगडातून उगवते, ती इथं नेमकी का येईना? मल्लप्पा म्हणाला, हरळीला कळलंय की आपण तिला बोलवायलोय, म्हणून ती येईना. आम्ही हसलो नाही, कारण तसंच वाटायला लागलं होतं.

आणि एक दिवस सकाळी सरांची हाक आली. सरांनी हाक मारली हेच नवल. आम्ही धावलो. काळ्या मातीवर हिरवे ठिपके, सगळीकडं. सरांनी पहिला तास रद्द केला, सगळ्या शाळेला रांगेनं दर्शन घडवलं आणि दुकानातून साखर आणून प्रत्येकाच्या हातावर ठेवली.

साखर खाऊन झाल्यावर जाधव मॅडम खाली वाकल्या. एक पान खुडलं, चुरगाळलं, वास घेतला. त्यांना सांगवेना, पण सांगणं भाग होतं.

"सर, तांदुळजा हाय."

मल्लप्पाच्या खड्ड्यातलं शेणखत. त्यात काय नव्हतं? तांदुळज्यामागं घोळीची भाजी आली, टोमॅटो आला, सूर्यफूल आलं. ज्वारीची दोन धाटं तर ताठ उभी राहिली. मॅडमनी तांदुळजा अलगद खुडायला सुरुवात केली, आणि खुडलेलं टाकायचं कसं म्हणून घरी नेऊन लसूण घालून भाजी केली. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममधे भाकरी, ठेचा आणि लॉनची भाजी. सर आधी नको म्हणाले. मग एक घास घेतला, मग दुसरी भाकरी घेतली. रशीद सरांनी विचारलं, पुढच्या आठवड्यात लॉनमधे मेथी पेरता येईल का?

तीच भाजी खुडताना एका दुपारी मॅडमना खाली केसांसारखं बारीक काहीतरी दिसलं. त्या ओरडल्या नाहीत. पदराला हात पुसत ऑफिसात गेल्या आणि म्हणाल्या, "सर, आता खरंच आली."

यावेळी साखर वाटली गेली नाही. सर ऑफिसच्या पायरीवर बसले आणि किती तरी वेळ चष्मा पुसत राहिले. आम्ही कुणी तिकडं गेलो नाही.

* * *

आता त्या केसांवर पाय पडला की संपलं. राखण कोण करणार? सर म्हणाले, बिरादार सर, शिट्टी तुमच्याकडं आहे.

म्हणजे आधी माझी जागा घेतली, आणि मग त्या जागेचा वॉचमन मलाच केला. मी मनातल्या मनात बरंच बोललो. पण सरांच्या त्या हळू आवाजाला नाही म्हणणं आमच्यापैकी कुणालाच कधी जमलं नाही. गळ्यात शिट्टी घालून मी उभा राहिलो. शेळी आली, शिट्टी. म्हैस आली, शिट्टी. पोरगं चेंडूमागं आलं, शिट्टी. गावचे एक प्रतिष्ठित गृहस्थ मोबाईलवर बोलत बोलत रांगोळी ओलांडून आले, त्यांनाही शिट्टी. ते अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत.

पोरांना मी एकच शिकवलं होतं. शिट्टी ऐकली की आहे तिथं थांबायचं आणि पायाखाली बघायचं. पोरं गुणाची, पटकन शिकली.

त्यातच तालुक्याच्या खो-खो स्पर्धा आल्या. आमचा संघ चांगला. आमचा पाठलागाचा डाव सुरू झाला. पंचांनी फाउलची शिट्टी मारली, आणि आमची नऊच्या नऊ पोरं जागेवर थांबून खाली बघायला लागली. पुन्हा डाव सुरू, पुन्हा शिट्टी, पुन्हा सगळ्यांच्या माना खाली. समोरच्या संघाला काय करावं कळेना. ते पळायचे थांबले. प्रेक्षकही जमिनीकडं बघायला लागले.

समोरच्या शाळेचे मास्तर माझ्याजवळ आले आणि हळूच विचारलं, "पोरांचं काई हरवलंय का सर?"

आम्ही हरलो. सरांना सांगितलं तर ते म्हणाले, हार-जीत होतच असते, पण पोरांची शिस्त बघितली का तुम्ही?

* * *

मग गणपती आले, आणि सरांची झोप उडाली.

हरळी शेतात असली की तण, अंगणात असली की लॉन, आणि भाद्रपदात ताटात घेतली की दुर्वा. गावात घरोघर गणपती. दरवर्षी बाया आणि पोरं बांधाबांधानं दुर्वा शोधत हिंडायची. यंदा रस्त्याला लागून, चिखलात न जाता, कोवळी लुसलुशीत हरळी तयार होती. आदल्या दिवशीच गेटवर दोन आजीबाई ताटली घेऊन चौकशी करून गेल्या.

मी शिट्टी काढली. सर म्हणाले, ठेवा ती. देवाच्या कामाला आलेल्या माणसाला शिट्टी मारतात का? आणि ते स्वतः बौद्ध, त्यामुळं त्यांना आणखी अवघड. नाही म्हणावं तरी वाईट दिसणार, हो म्हणावं तर लॉन जाणार.

चतुर्थीच्या सकाळी मी लवकर शाळेत आलो तर गेटपाशी टेबल मांडलेलं. त्यावर ओल्या फडक्यात दुर्वांच्या जुड्या, एकवीस-एकवीसच्या, दोऱ्यानं बांधलेल्या. सर आणि मल्लप्पा उजाडल्यापासून मल्लप्पाच्या बांधावर बसून खुडत होते. सरांच्या गुडघ्यांना चिखल. ताटली घेऊन कुणी आलं की सर जुडी द्यायचे आणि विचारायचे, अजून पाहिजे का?

मल्लप्पाचा चेहरा उजळला होता. त्याच्या रानातली हरळी अखेर कुणीतरी नेली होती.

गेटवरून परत जाताना एक आजीबाई मला म्हणाली, "मास्तर, तुमचे हेडमास्तर लई देवभक्त हाईत बगा." मी म्हटलं, व्हय.

* * *

सरांच्या निरोपाच्या आदल्या दिवशीची गोष्ट.

हरळी धरली होती. काही ठिकाणी दाट, काही ठिकाणी विरळ, पण लांबून बघितलं की हिरवंगार. जाधव मॅडमनी शिवणाच्या कात्रीनं कडा कापल्या होत्या. बिसीऊटच्या अक्कांनी उद्यासाठी शिरा करायचं ठरवलं होतं. आठवीच्या पोरांनी कोण कुठं बसणार यावरून भांडणंसुद्धा करून घेतली होती. सर सकाळी आले, बूट काढले, कडेला उभं राहून तळपाय नुसता गवताला टेकवला आणि लगेच मागं घेतला. मी बघितलं. उद्याच्या आधी त्यांना बसायचं नव्हतं.

त्यांची माय त्या दिवशी निंबर्ग्याकडून आली. गयामाय. सरांचे वडील लवकर गेलेले. लोकांच्या रानात खुरपून खुरपून तिनं सरांना शिकवलं. सुट्टी असली की सर पण तिच्या शेजारची पात, म्हणजे खुरपायची ओळ, धरायला जायचे. हे सर सगळ्यांना सांगायचे, लपवायचे नाहीत. पोराची शाळा तिनं कधी बघितली नव्हती. निरोप बघायला म्हणून धाकट्या मुलानं तिला बसमधे बसवून दिलं होतं. वाकलेली, बारीक, डोक्यावरून पदर. सरांनी तिला कडुलिंबाच्या सावलीत सतरंजीवर बसवलं, पाणी दिलं, आलोच म्हणाले आणि आत गेले. चार्ज देणं-घेणं चाललं होतं. आम्ही सगळे हॉलमधे, कुणी पताका लावतंय, कुणी माईक तपासतंय, कुणी खुर्च्या मांडतंय. मल्लप्पा शिडीवर. पोरांना मीच लवकर सोडलं होतं, त्यामुळं बाहेर कुणी नव्हतं.

काम आटोपून आम्ही एकदमच बाहेर आलो. सर सगळ्यात पुढं होते. ते पायरीवर थांबले म्हणून आम्ही थांबलो.

कडुलिंबापासून झेंड्याच्या खांबापर्यंत जमीन काळीभोर, स्वच्छ झाली होती. काढलेल्या हरळीचे ढीग अंतराअंतरानं नीट लावलेले, मुळ्या वर करून, उन्हाकडं. राहिलेल्या हिरव्याच्या कडेला गयामाय उकिडवी बसली होती. पाण्याच्या टाकीजवळ पडलेलं खुरपं तिनं उचललं असणार. तिचा हात थांबत नव्हता.

जाधव मॅडमनी तोंडाला पदर लावला. मल्लप्पा काहीतरी बोलायला पुढं झाला. सरांनी मागं न बघता हात वर केला आणि तो गप्प झाला.

मायनं चाहूल लागून मान वर केली. घाम पुसला. आम्हाला सगळ्यांना बघून ती जरा संकोचली, मग सरांना म्हणाली, "उद्या पावणे येत्याल बाबा. म्हनत्याल, हेडमास्तर झाला अन् दारात हरळी माजू दिली. लई मातली व्हती रं. झालंच आता, थोडी ऱ्हायलीय."

कुठंतरी गेटपाशी होला घुमत होता.

सर पायरी उतरले. बूट काढले. पँटचे पाय गुडघ्यापर्यंत दुमडले, शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि मायच्या शेजारी जाऊन उकिडवे बसले.

"माय, पात कुठवर आणलीस?"

"ह्या दगडापस्तोर. तू तिकून धर. अन् खुरपं कुठाय तुझं?"

मल्लप्पानं मागच्या खोलीतून आपलं खुरपं आणून सरांच्या हातात दिलं, आणि सरांनी तिकडून पात धरली.